आईच्या अक्षरातलं पार्सल

प्रिय मास्तर,

पत्र बघून दचकशील. जहाजावरून फोन लागतो, तू रोज करतोस, आणि नाताळ झाल्यापासून मी रोज तो चिमीच्या हातात देऊन आंघोळीला पळते. एवढं अंग मी घरी महिनाभरात घासत नाही. तुला संशय आला असेलच. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि आपण एकमेकांना पत्र असं कधी लिहिलंच नाही. आता लिहितेय. का, ते शेवटी सांगेन, कारण अजून ते मला नीट मांडता येत नाहीये. आधी खुशाली. आम्ही दोघी धडधाकट आहोत. चिमी दिवसभर पाण्यात असते, तिच्या बोटांची टोकं सुरकुतून म्हातारी झाली आहेत. समुद्र शांत आहे, पण तुला हे सांगून काय उपयोग? झोपाळ्यावर बसलास तरी तू पांढराफटक पडतोस. तू घरी राहिलास तेच बरं झालं, असं मी सुरुवातीला सगळ्यांना सांगत होते.

बसले आहे ती जागा म्हणजे जहाजाचं वाचनालय. पुस्तकं नावालाच आहेत, बाकी पत्ते आणि तुकडे हरवलेली कोडी. समोर एक म्हातारं जोडपं तसलंच एक कोडं जुळवतंय आणि नसलेल्या तुकड्यावरून एकमेकांवर खेकसतंय. खिडकीतून पोहण्याचा तलाव दिसतो, चिमी आणि दादाची जुळी मुलं दिसतात. उद्या सकाळी जहाज वाटेतल्या एका बंदराला लागेल, तिथे हे पत्र टाकीन; आम्हाला परतायला अजून बरेच दिवस आहेत.

ही सगळी कल्पना दादाची, हे तुला माहीत आहे. बाबांना आता घर सजवणं, टेबल मांडणं, पन्नास वेळा शिडीवर चढणं झेपत नाही, तेव्हा यंदाचा नाताळ समुद्रावर करू, असं त्याने ठरवलं. बाबांनी एकच अट घातली: आपल्या घरचा नाताळ जसाच्या तसा झाला पाहिजे. पार्सलं सगळी बरोबर घ्यायची, कागदात गुंडाळून, रिबिनी बांधून, आणि सकाळी ठरलेल्या क्रमाने उघडायची. म्हणून एक आख्खी बॅग नुसत्या भेटवस्तूंची निघाली. भेटवस्तू गुंडाळून आणू नका, तपासणीत उघडाव्या लागतील, असं जहाज कंपनीने आधीच कळवलं होतं. पण ते दादाने वाचलं नव्हतं. सूचना वाचणं म्हणजे दादाला स्वतःचा अपमान वाटतो.

व्हायचं तेच झालं. चढण्याआधीच्या त्या लांबलचक शेडमध्ये आमची बॅग यंत्रातून गेली, थांबली, मागे आली, पुन्हा गेली. निळे हातमोजे घातलेली एक पोरगेलीशी अधिकारी बाई पडद्याकडे बघून म्हणाली, “यात चाकं-दाते दिसतायत, हे एक उघडावं लागेल.” ते नेमकं चिमीचं पार्सल होतं, आजीने ठेवलेलं. बाबा असे पुढे झाले की मला वाटलं आता तिचा हात धरतात. “हे नाही उघडायचं. दुसरं कुठलंही उघडा. हे माझ्या बायकोने बांधलंय, ती आता नाही.” बाई बिचारी ओशाळली, पण नियम तो नियम. तिने कागद जमेल तितक्या हळू सोडवला, तरी वरची चिठ्ठी मधोमध फाटलीच. आत एक छोटी किल्लीची संगीतपेटी निघाली. चिमी तेव्हा जुळ्यांबरोबर पुढे पळाली होती म्हणून बरं. मला भडभडून आलं. एवढ्या वर्षांनंतरही आईने बांधलेली गाठ दुसऱ्या कुणी सोडलेली त्यांना सहन होत नाही, असं मला वाटलं. आत्याने एकदा भावाकडे बघितलं आणि फाटकी चिठ्ठी उचलून चटकन पर्समध्ये टाकली. तेही मला प्रेमाचंच वाटलं.

आईच्या पार्सलांची गोष्ट तुला पाठ आहे. तरी लिहिते, कारण आता मला ती पहिल्यापासून स्वतःलाच सांगून बघायची आहे. आई गेली तेव्हा मी चिमीपेक्षा थोडी मोठी होते. त्या नाताळात सगळ्यांची पार्सलं उघडून झाल्यावर बाबांनी आणखी एक आणलं. वर आईच्या अक्षरात माझं नाव. बाबा म्हणाले, आईला आजाराचं आधीच कळलं होतं, तेव्हा तिने तुझ्यासाठी एक पेटी भरून ठेवलीय, दर नाताळाला त्यातलं एक निघेल. पेटी बाबांच्या कपाटात, किल्ली बाबांच्या खिशात. मग दर वर्षी एक निघत गेलं. शिवणाचा डबा, केसांचा चाप, पितळी होकायंत्र, कोऱ्या कागदांची वही. तू म्हणशील, शिकली-सवरलेली बाई, स्वतःचं चष्म्याचं दुकान चालवणारी, आणि एवढी वर्षं पेटी रिकामी कशी होत नाही असं तुला एकदाही वाटलं नाही? वाटलं असेल. पण अशा ठिकाणी माणूस पेटीत डोकावायला जात नाही. दिवसभर मी लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावते, आणि घरातलं अक्षर कुणाचं ते मला ओळखता आलं नाही.

यंदा चिमी पहिलीत गेली तेव्हा बाबा घरी आले आणि म्हणाले, पेटीच्या तळाशी ‘माझ्या नातीला’ असं लिहिलेलं एक पार्सल सापडलंय. मी तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले होते, आठवतं? तू माझ्या पाठीवरून हात फिरवत होतास.

तर जहाजावर आम्हाला मिळाल्या तीन केबिनी. एकीत दादा-वहिनी आणि जुळे, एकीत बाबा, आणि एकीत मी, चिमी आणि आत्या. आपल्या न्हाणीघराएवढी खोली. पार्सलं लपवायला जागा कुठली? शेवटी लाइफ जॅकेटांच्या कपाटात कोंबली. जहाज बुडायला लागलं तर आपण सगळे रिबिनी बांधून तरंगू, असं वहिनी म्हणाली आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. खरंच सांगते मास्तर, मजेत होते मी. जेवणाच्या दालनात भलंमोठं खोटं झाड, नाताळबाबाच्या वेषात जहाजाचा नाच शिकवणारा माणूस, त्याची दाढी सारखी गळ्यात घसरायची. बाबाही खुलले होते.

नाताळाच्या आदल्या दिवशी दुपारी आत्या म्हणाली, डोकं जड झालंय, जरा वाऱ्यावर जाऊन येते. ती गेल्यावर बघते तर तिचा चष्मा उशीजवळ. आत्याला जवळचं काही म्हणजे काही दिसत नाही, तिचा नंबर मीच काढलाय. कुठेतरी पायरी चुकेल म्हणून चष्मा घेऊन मी मागे गेले. डेकवर नव्हती. जिन्याखालच्या दालनात जहाजवाल्यांनी भेटवस्तू गुंडाळायला टेबलं मांडली होती, रंगीत कागदांची भेंडोळी, सेलोटेप, सुतळीने टेबलाला बांधून ठेवलेल्या कात्र्या. तिथे कोपऱ्यात पाठमोरी आत्या बसलेली. चिमीचं पार्सल नव्या कागदात बांधून झालं होतं, आणि ती चिठ्ठी लिहीत होती.

मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. आईचं अक्षर कसं होतं तुला माहीत आहे. सगळी अक्षरं आधी उघडीच लिहायची, डोक्यावरची रेघ शेवटी एकदम ओढायची, आणि टोक जरासं वर उचलायचं. आत्याच्या पेनातून ते तसंच उतरत होतं. ‘माझ्या नातीला.’ मग रेघ. मग टोक वर. डोळ्यांना चष्मा नाही, कागद तिला धुक्यासारखा दिसत असणार, तरी हात कुठे अडखळला नाही. न बघता लिहिता यावं इतका त्या हाताला सराव होता.

“तुझा चष्मा राहिला होता,” मी म्हटलं. एवढंच सुचलं. आत्याने दचकून चिठ्ठीवर पंजा दाबला. शाई ओली होती. तिने हात उचलला तेव्हा तिच्या तळव्यावर आईचं अक्षर उलटं उमटलेलं होतं.

आम्ही डेकवर जाऊन बसलो. वारा एवढा की तिला प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणावं लागत होतं, आणि असल्या गोष्टी मोठ्याने म्हणवत नाहीत. ती म्हणाली, पहिलं पार्सल खरंच आईचं होतं. तेवढं एकच. पेटीबिटी काही नव्हती. “तू ते उघडलंस आणि महिन्यांनी पहिल्यांदा पोटभर जेवलीस. त्या रात्री तुझ्या बाबाच्या तोंडून पेटीचं निघून गेलं. पुढच्या वर्षी तू पेटी मागितलीस.” आत्या शाळेत चित्रकला शिकवायची. तिने आईच्या जुन्या वह्या समोर ठेवून अक्षर गिरवलं. एकच वर्ष, असं ठरलं होतं. मग आणखी एक. तुझं शिक्षण होईपर्यंत, तुझं लग्न होईपर्यंत. “कुठल्या वर्षी तुझ्या आईला पुन्हा मरू द्यायचं, हे आम्हाला ठरवता आलं नाही गं.”

मी उठून सरळ बाबांच्या केबिनमध्ये गेले. ते दुसऱ्या दिवशीसाठी बुटांना पॉलिश करत होते. मी काही बोलायच्या आधीच त्यांना कळलं, ब्रश हातातच राहिला. मला वाटलं होतं ते रडतील, माफी मागतील. ते म्हणाले, “तुला आनंद होत होता की नाही, एवढं सांग.” मी म्हटलं, होत होता. “मग?” बाबांनी विचारलं. मी म्हटलं, “बाबा, आई म्हणून माझ्याकडे जी काही आहे ती सगळी तुम्ही दोघांनी बनवलेली आहे. मला तिचा आवाज आठवत नाही, पण तिचा स्वभाव माहीत आहे असं वाटायचं. ती कशी जपून वस्तू निवडते, कशी थट्टा करते. तो स्वभाव आत्याचा निघाला. मग माझी आई कशी होती?” बाबांनी बूट खाली ठेवला. म्हणाले, “मलाही आता दोघी वेगळ्या करता येत नाहीत.”

आणि दादा? दादाला कॉलेजात असल्यापासून माहीत होतं. “अगं, तुझा चेहरा बघून सांगायची कुणाची हिंमत होती?” म्हणजे वहिनीलाही माहीत. दर नाताळाला माझं पार्सल शेवटी उघडायचं, तेव्हा सगळे एकदम गप्प व्हायचे. मला वाटायचं आईची आठवण म्हणून. ते माझ्याकडे बघत होते रे. मी कुठल्या क्षणी हसते, कुठल्या क्षणी डोळे पुसते. सगळ्यांना नाटकाची संहिता पाठ, आणि मधोमध उभ्या असलेल्या बाईला आपण नाटकात आहोत याचा पत्ता नाही. फसवणुकीपेक्षा मला ते जास्त लागलं. पोराटोरांच्या वाढदिवसाला जादूगार बोलावतात तसं मला वर्षानुवर्षं खूश केलं, आणि मी मोठी झालेय हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

नाताळाच्या सकाळी तरीही सगळे बाबांच्या केबिनमध्ये जमलो, गादीवर, जमिनीवर, दारात. जुळ्यांनी हँगरला कागदी चांदण्या टांगून झाड केलं होतं. सगळ्यांत लहान आधी, म्हणजे चिमी. तिच्या हातात पार्सल पडलं तेव्हा मी पुढे सरकले. मी सांगणार होते की हे आजीने दिलेलं नाही. बाबांनी डोळ्यांनी मला विनवलं. पण चिमी आता वाचते. तिने चिठ्ठी बोटाने लावत लावत वाचली, “चि-मी-ला, आत्या-आजी-कडून.” मोठं, उजवीकडे कललेलं अक्षर, आत्याचं स्वतःचं. तिने रातोरात चिठ्ठी बदलली होती. बाबा उठले आणि त्या गोल खिडकीशी आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. चिमीने विचारलं, “म्हणजे आजीने माझ्यासाठी काहीच नाही ठेवलं?” मी म्हटलं, “आजीला तू माहीतच नव्हतीस, बाळा. ती त्याच्या खूप आधी वारली.” चिमीने कागद ओढून काढला. “बरं,” म्हणाली, आणि किल्ली फिरवून संगीतपेटी वाजवायला लागली. एवढंच. ज्यासाठी हे सगळे इतकी वर्षं घाबरून होते, ते एका ‘बरं’मध्ये मिटलं. माझ्या नावाचं पार्सल मात्र मी उघडलं नाही. कागदासकट आत्याच्या मांडीवर ठेवलं. बाबा त्या दिवशी जेवायला आले नाहीत. आता येतात, माझ्याशेजारी बसतात, मीठ पुढे सरकवतात. मी घेते. सध्या तेवढंच होतंय.

इथवर वाचून तुला वाटत असेल की बायको दुखावली आहे, घरी आली की समजूत काढू. पण मास्तर, काल दुपारी मी आणि आत्या केबिनमध्ये एकट्याच होतो. आता तिला काही लपवायचं नव्हतं. मी तिला एकेक वस्तू विचारत गेले, ती सांगत गेली, हा चाप कुठे घेतला, ती वही कशी बांधून घेतली. एखाद्या ठिकाणी आम्ही हसलोसुद्धा. मग मी शालीबद्दल विचारलं. ती राखाडी शाल, आपलं दुसरं बाळ राहिलं नाही त्या वर्षीची. आपण ते कुणालाच सांगितलं नव्हतं. दिवस भरायला खूप वेळ होता, कुणाला कळलंही नव्हतं, म्हणून आपण दोघांनीच ते गिळून टाकलं. मी दवाखान्यातून आले, दुसऱ्या आठवड्यात दुकान उघडलं. तू उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घेऊन आतल्या खोलीत बसायचास. चहा आणून द्यायचास, बोलायचा नाहीस. मला वाटलं तुला दुःखच झालं नाही. आणि त्या नाताळात आईच्या पार्सलातून शाल निघाली, वर चिठ्ठी: ‘दमलीस. आता जरा बस. मी आहे.’ मी दिवसभर ती शाल पांघरून रडले. तुला म्हटलं, आईला कसं रे कळलं असेल? तू म्हणालास, “आईच ती.”

आत्याला विचारलं, तुला कसं कळलं होतं? तिने चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाली, “ते वाक्य माझं नाही. मास्तरांनी फोनवर सांगितलं, मी नुसतं उतरवलं. लग्न ठरलं तेव्हाच त्यांना सगळं सांगितलं होतं आम्ही. शाल त्यांनीच आणून दिली. रडत होते.”

म्हणून हे पत्र. बाबांनी, आत्याने, दादाने केलेली फसवणूक मी कधीतरी पचवीन. तेव्हा मी लहान होते, आणि त्यांना दुसरं काही सुचलं नाही. पण मी तुझी बायको होते, शेजारच्या खोलीत होते. तू रडत होतास हे मला आत्ता कळतंय, तेही आत्याकडून. ‘मी आहे’ हे त्या दिवसांत मला तुझ्या तोंडून हवं होतं, मास्तर. तू ते मेलेल्या बाईच्या तोंडी घातलंस, आणि मी तुझ्यावर रुसून तिच्या कुशीत शिरले. तेव्हापासून तुला थंड माणूस समजून तुझ्याशी संसार करतेय. फोनवर विचारलं असतं तर तू घाईघाईने काहीतरी छानसं बोलून मोकळा झाला असतास, आणि मी पुन्हा विश्वास ठेवला असता. आता पत्र आमच्या आधी पोचेल, तुला विचार करायला वेळ मिळेल. आम्हाला न्यायला धक्क्यावर ये. फुलं नकोत, भेट नको, रिकाम्या हाताने ये. चिमीला मी आत्याबरोबर पुढे पाठवीन. आपल्या त्या बाळाबद्दल तुला काय वाटलं होतं, ते मला तिथेच, गर्दीत उभं राहून, तुझ्या स्वतःच्या आवाजात सांग. नीट बोलता आलं नाही तरी चालेल. त्यानंतर आपण एका घरी जायचं की नाही ते बघू. इथे खाली ‘तुझीच’ लिहायची रीत आहे. त्यातला ‘च’ मी सध्या माझ्यापाशी ठेवून घेते आहे.

तुझी,
चिमीची आई